स्ट्रॉबेरीची रोपं लागणीनंतर माना टाकतात: औषध ओतण्याआधी काय तपासायचं

सप्टेंबर-ऑक्टोबरात वाई, पाचगणी, भिलार, भोसे आणि जावळीच्या वरच्या पट्ट्यात स्ट्रॉबेरीची लागण उरकते आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत रोपं माना टाकायला लागतात. लगेच सगळे ‘मर लागली’ म्हणून मोकळे होतात आणि आळवणीचं, म्हणजे मुळाशी ओतायचं औषध आणायला दुकान गाठतात. या टप्प्यावरची बरीचशी मर रोगाची नसते. कारण पाण्यात, लागणीच्या खोलीत किंवा क्षारात सापडतं. ते शोधायला खुरपं, धारदार चाकू, बादली आणि मापाचा मग एवढं पुरतं.

आधी लक्षणं नीट बघा

दुपारी बारा ते चारच्या उन्हात पानं लवतात आणि संध्याकाळी सावरतात. लागणीनंतरचे पहिले आठ-दहा दिवस हे चालायचंच. तुटलेली मुळं नव्याने फुटेपर्यंत पानांतून उडणारं पाणी भरून निघत नाही.

सकाळी सातला, ऊन चढायच्या आधीही पानं लवलेलीच असतील तर ते लक्षण गंभीर. रात्रभरात रोपाला पाणी ओढता आलेलं नाही, असा त्याचा अर्थ.

पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत वाळतात आणि मधलं पान हिरवं राहतं, तिथे पहिला संशय क्षारांवर घ्या.

मधली कोवळी पानं आधी निळसर-हिरवी होऊन मलूल पडतात आणि दोन-चार दिवसांत अख्खं रोप बसतं. हे क्राऊन, म्हणजे रोपाचा बुंधा सडल्याचं लक्षण असू शकतं. याउलट बाहेरची जुनी पानं कडेने वाळत जातात, मधला शेंडा हिरवा पण खुजा राहतो. हे मुळांच्या बाजूने आलेल्या त्रासात जास्त दिसतं, आणि काही मर रोगांतही.

हलकं ओढलं तरी रोप हातात येतं. मुळं कुणीतरी खाल्लीत.

फुकटातली पहिली तपासणी: मेलेली रोपं कुठे आहेत?

पानं बघण्याआधी बांधावर उभं राहून अख्खा प्लॉट बघा. मलूल रोपांशेजारी काटक्या रोवा, तीन दिवसांनी परत या आणि काटक्यांची मांडणी बघा. एवढ्यावरून निम्मी कारणं बाजूला होतात.

सगळ्या ओळींच्या शेपटाकडे, म्हणजे पाणी शेवटी पोचतं तिकडे, रोपं सुकत असतील तर ठिबक तपासायचं. एकाच अख्ख्या बेडवर असेल तर त्या बेडची लॅटरल, म्हणजे ड्रिपर बसवलेली नळी. खोलगट भागात, पाणी साचतं त्या कोपऱ्यात असेल तर निचरा, आणि त्यामागोमाग मूळकूज. सगळीकडे विखुरलेलं, एक इथं दोन तिथं, असं असेल तर रोपांचीच प्रत किंवा लागणाऱ्याचा हात. ठिगळासारखा एक भाग रोज थोडा पसरत असेल तर हुमणी किंवा रोग.

बेड कुणी लावला हेही विचारा. एकाच मजुराच्या ओळीत मर जास्त दिसणं नवलाचं नाही. त्यात त्या माणसाचा दोष कमी असतो. क्राऊनची खोली त्याला कुणी दाखवलेली नसते.

वाफसा आहे का?

मल्चिंगखाली, म्हणजे बेडवर अंथरलेल्या प्लास्टिक फिल्मखाली माती दिसत नाही, त्यामुळे इथे सगळ्यात जास्त फसगत होते. रोपाच्या बुंध्याला लागून बोट घाला, दोन इंच खोलीवरची माती काढा आणि मुठीत दाबा. पाणी सुटलं तर जास्त झालंय. गोळा झाला आणि अंगठ्याने टोचल्यावर फुटला तर वाफसा. गोळाच होत नसेल तर कोरडं. हीच चाचणी चार-सहा इंचांवरच्या मातीची परत करा.

दोन्ही खोलींवर बघायचं कारण असं की ताज्या रोपाची जिवंत मुळं वरच्या दोन-तीन इंचांतच असतात. ड्रिपर रोपापासून वीतभर लांब पडला असेल तर बेडचा मधला भाग चिंब असतो आणि रोपाचा मातीगोळा सुकलेला. शेतकरी पाणी वाढवतो, मधला भाग आणखी ओला होतो, रोप तसंच. यावर उपाय साधा आहे. मुळी धरेपर्यंत पाणी वरूनही द्यायचं, झारीने किंवा सूक्ष्म तुषारने, ऑक्टोबरच्या उन्हात दिवसातून दोन-तीन वेळा थोडं थोडं. ठिबकही एकदम तासभर न सोडता सकाळ-दुपार पंधरा-वीस मिनिटं सोडा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मूठ दाबून वेळ कमी-जास्त करा.

वर डोंगरावर लाल जांभा माती, खाली वाईकडे काळी किंवा मध्यम काळी. जांभ्यात पाणी पटकन खाली जातं, म्हणून थोडं पण वारंवार. काळ्या मातीत तीच वेळ ठेवली की मुळांना हवा मिळत नाही. मग रोप भिजलेल्या मातीत उभं राहून सुकतं, आणि बघणाऱ्याला ते तहानलेलं वाटतं. वरच्या गावाचं वेळापत्रक खालच्या शेतात उतरवू नका.

क्राऊनची खोली

पैसा लागत नाही, रोपामागे अर्धा मिनिट जातो आणि सगळ्यात जास्त रोपं इथेच वाचतात. म्हणून यावर थोडं सविस्तर.

क्राऊन म्हणजे पानांचे देठ आणि मुळं यांच्या मधला जाड, आखूड बुंधा. लागणीत मुळं पूर्ण मातीत, क्राऊनचा खालचा अर्धा भाग मातीत आणि वरचा अर्धा भाग उघडा हवा. मधली कोवळी पानं जिथून फुटतात तो शेंडा मातीच्या वर दिसलाच पाहिजे.

खोल लागलेलं रोप शेंड्यातून कुजतं. वर माती, त्यात ओल आणि ऊब, मग शेंड्यात बुरशी शिरायला वेळ लागत नाही. उथळ लागलेल्या रोपाची वरची मुळं उघडी पडून वाळतात, आणि नवी मुळी क्राऊनच्या तळातून फुटते तीही हवेत लोंबकळते.

लागण बरोबर झाली तरी सप्टेंबरअखेरच्या सरी बेडवरची माती ओढून आणतात आणि शेंडा झाकून टाकतात. प्रत्येक जोराच्या पावसानंतर ओळीने फिरून शेंड्यावरची माती बोटाने बाजूला करा. मल्चिंग आधीच अंथरलेलं असेल तर भोकाच्या काठाला साचलेला गाळही बघा. फिल्म बुंध्याला टेकत असेल तर भोक मोठं करा, कारण तापलेली फिल्म कोवळ्या देठांना भाजते. दुरंगी फिल्म असेल तर चंदेरी बाजू वर आहे ना, तेही बघून घ्या. काळी बाजू ऑक्टोबरच्या उन्हात जास्त तापते.

खोल रोप उपटून परत लावायची गरज सहसा नसते. शेंडा मोकळा केला आणि तो अजून हिरवा असेल तर रोप उभं राहतं. उथळ रोपाला बाजूची ओली माती दाबून द्या. दाबताना मुठीने ठोकू नका, दोन बोटांनी बुंध्याभोवती दाबलं की मुळांजवळची पोकळी जाते.

एक-दोन रोपं खणून मुळं वर वळलेली नाहीत ना, हेही बघा. लांब मुळं उथळ खड्ड्यात कोंबली की ती इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी वर वळतात. असं रोप आठ-दहा दिवस ठीक दिसतं आणि उन्हाचा पहिला चटका बसला की मागे पडतं. लागणीच्या वेळी फार लांब मुळं चार-पाच इंचांवर कापून लावणं बरं. झालेल्या लागणीत मात्र अशी रोपं थोडी असतील तर बदला, जास्त असतील तर वरून पाणी देऊन सांभाळा.

ड्रिपर मोजा

ड्रिपर टपटपतोय म्हणजे चाललाय, असं धरू नका. ओळीच्या सुरुवातीचे तीन, मधले चार आणि शेवटचे तीन असे दहा ड्रिपर निवडा, खाली मग ठेवा आणि पंधरा मिनिटं पाणी गोळा करा. ताशी दोन लिटरचा ड्रिपर पंधरा मिनिटांत अर्धा लिटर देतो, चार लिटरचा एक लिटर. सुरुवातीच्या आणि शेवटच्या मापात दहा टक्क्यांपर्यंत फरक चालेल. त्यापुढे गेला की शेपटाकडची रोपं उपाशी आहेत.

दुरुस्तीही सोप्यापासून सुरू करा. फिल्टरची जाळी किंवा चकत्या काढून धुवा. लॅटरलची टोकं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडून द्या, पहिलं पाणी तांबडं किंवा शेवाळी येईल. मल्चिंगखाली नळी पिळली किंवा सरकली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, हे हाताने चाचपा. मग परत मोजा.

धुऊनही माप येत नसेल तर ड्रिपरमध्ये चुना किंवा लोह बसलंय. त्याला आम्ल प्रक्रिया लागते. ती ठिबक बसवणाऱ्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्या. आम्लाचं प्रमाण पाण्याच्या तपासणीवर ठरतं, आणि आम्ल पाण्यात घालायचं असतं, पाणी आम्लात कधीच नाही. सगळ्याच ओळींना दाब कमी असेल तर मोटर आणि वीजपुरवठा बघायला वायरमन बोलवा. ओल्या हातांनी स्टार्टरचं खोकं उघडायचं नाही.

खत आणि क्षार

क्षार सर्वांत कमी सोसणाऱ्या पिकांत स्ट्रॉबेरी आहे. मातीच्या संपृक्त अर्काची क्षारता, म्हणजे ईसी, १ डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की उत्पादन घटायला लागतं. पाण्याची ०.७ च्या आत असेल तर चिंता नाही. ऊस याच्यापेक्षा जास्त क्षार सोसतो, त्यामुळे ‘याच विहिरीवर ऊस उत्तम येतो’ हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही.

भोकाच्या काठावर पांढरी पूड दिसते का बघा. लागणीआधी बेडमध्ये काय घातलं ते आठवा. कोंबडखत किंवा अर्धवट कुजलेलं शेणखत रोपाच्या मुळाखाली असेल तर कडा जळणारच, वर उष्णता आणि अमोनिया वेगळा. गावात कुणाकडे ईसी मीटर असेल तर विहिरीचं पाणी आणि ड्रिपरमधून येणारं खतमिश्रित पाणी, दोन्ही मोजा. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे तुम्ही सोडलेलं खत.

उपाय असा: खत बंद, चार-पाच दिवस नुसतं पाणी. मलूल रोपाला ताकद यावी म्हणून १९:१९:१९ हे विद्राव्य खत सोडणं म्हणजे तापलेल्या माणसाला जेवणाची सक्ती. आधीच पाणी ओढता न येणाऱ्या मुळाभोवती क्षार वाढले की ओढणं आणखी अवघड होतं. नवी पांढरी मुळी दिसेपर्यंत विद्राव्य खत नको. ह्युमिक आम्लाबद्दलही हेच, त्याने सडलेली मुळी परत येत नाही.

कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेट किंवा सल्फेट असलेली खतं एका टाकीत मिसळू नका. साका तयार होतो आणि वरचीच ड्रिपर मोजायची कसरत परत करावी लागते.

रोप खणून मुळं बघा

इथवर काही सापडलं नाही तर आता तीन रोपं खणा. एक मलूल पण हिरवं, एक नुकतं माना टाकू लागलेलं आणि एक चांगलं, तुलनेसाठी. पूर्ण वाळलेलं रोप घेऊ नका. त्यावर नंतर आलेल्या बुरशी असतात, मूळ कारण त्याखाली झाकलं जातं. खुरप्याने मातीसकट काढा, ओढून नको, कारण सडलेली मुळं मातीतच तुटून राहतात आणि तुम्हाला दिसत नाहीत. बादलीत बुडवून माती सोडवा.

चांगल्या रोपाला पांढरी मुळी असते आणि जुनी मुळं फिकट तपकिरी. मूळ काळं पडलंय, चिमटीत धरून ओढल्यावर साल निघून आत दोऱ्यासारखी शीर उरते, तर मूळकूज. बहुतेक वेळा जास्त ओलीमुळे. पाणी कमी करा, चरांचा निचरा मोकळा करा.

मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी. त्यासाठी मुळं आणि माती प्रयोगशाळेत तपासून घ्यावी लागते.

मुळं कुरतडलेली आणि खालच्या मातीत इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली, पांढऱ्या अंगाची, तपकिरी डोक्याची अळी, म्हणजे हुमणी. सातारा-सांगलीच्या ऊस पट्ट्यात ती सगळ्यांच्या ओळखीची आहे. न कुजलेल्या शेणखतातून ती बेडमध्ये शिरते. मेलेल्या रोपाखालीच थांबू नका, त्याच ओळीतल्या पुढच्या दोन-तीन चांगल्या दिसणाऱ्या रोपांखालीही उकरा. अळी खाऊन पुढे सरकलेली असते. सापडलेल्या वेचून मारा आणि हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी ओलसर मातीत संध्याकाळी द्या. कोरड्या, तापलेल्या मातीत ती टिकत नाही. पुढच्या वर्षीचा बंदोबस्त मे-जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे गोळा करण्यापासून सुरू होतो.

क्राऊन उभा चिरा

तीच तीन रोपं घ्या आणि चाकूने क्राऊन वरून खाली उभा कापा. प्रत्येक रोपानंतर पातं स्पिरिटने पुसा. काप लगेच बघा, हवेत थोड्या वेळाने चांगला कापही तपकिरी पडतो.

आतून पांढरट-मलईसारखा असेल तर क्राऊन ठीक आहे. वरच्या तपासण्यांकडे परत जा, काहीतरी सुटलंय.

आत लालसर-तपकिरी रंग, कधी संगमरवरासारख्या नक्षीचा, कधी वरून खाली पसरत गेलेला, दिसला की तो रोग आहे. असा रंग अँथ्रॅक्नोज या बुरशीजन्य रोगामुळे येतो, फायटोफ्थोरामुळेही येतो, आणि फ्युजॅरियम वा मॅक्रोफोमिनामुळेही आतली शीर तपकिरी होते. नुसत्या डोळ्यांनी यातला फरक खात्रीने सांगता येत नाही, भले कितीही वर्षांचा अनुभव असो. मूळ कापल्यावर मधली शीर लाल दिसणारा आणखी एक फायटोफ्थोरा आहे, पण तो गार, ओल्या मातीचा रोग. ऑक्टोबरच्या उन्हात त्याच्यावर संशय घेण्यात अर्थ नाही.

इथे थांबा

एकापेक्षा जास्त रोपांचा क्राऊन आतून लालसर-तपकिरी निघाला की स्वतःहून आळवणी करू नका. कारण औषधांची फळी वेगळी आहे. मेटॅलॅक्सिल फायटोफ्थोरा आणि पिथियमवर चालतं, फ्युजॅरियम किंवा अँथ्रॅक्नोजवर नाही. कार्बेन्डाझिमचं उलट, ते फायटोफ्थोराला काहीच करत नाही. दुकानात ‘सगळ्यावर चालेल’ म्हणून दोन-तीन पुड्या एकत्र मिळतात. चुकीचं औषध गेलं की पैसा तर जातोच, पण तपासणीचा आठवडाही जातो आणि नमुन्यात नेमकी बुरशी सापडणं अवघड होतं. बेडमध्ये ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी म्हणून दिलेला असेल तर तोही या आळवणीत मरू शकतो. शिवाय हे फळ सालीसकट, कच्चं खाल्लं जातं. कोणतं औषध, किती, आणि तोडणीआधी किती दिवस, हे लेबलवर आणि तज्ज्ञाकडूनच.

निदान होईपर्यंत करायचं ते इतकंच. रोगट रोपं मुळाभोवतीच्या मातीसकट पिशवीत काढा. ओढ्यात, बांधावर किंवा खताच्या खड्ड्यात टाकू नका. त्या भागाचं पाणी बेताचं करा. मजुरांना आधी निरोगी ओळींत काम द्या, रोगट भाग दिवसाच्या शेवटी, आणि खुरपी धुऊन ठेवा.

नमुना घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्राकडे जा. महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे, वरच्या गावांना ते जवळ पडतं. नमुन्यात नुकती मलूल झालेली चार-पाच रोपं मातीसकट, आणि एक निरोगी रोप वेगळ्या पिशवीत. पाणी मारू नका, उन्हात गाडीत ठेवू नका, त्याच दिवशी पोचवा. सोबत कागदावर वाण, लागणीची तारीख, रोपं कुठून आणली, काय-काय आळवणी-फवारणी झाली आणि प्लॉटचा काटक्यांचा नकाशा. हा कागद नसेल तर तिथेही अंदाजच बांधावा लागतो.

मर सगळीकडे विखुरलेली असेल आणि क्राऊन लागणीनंतर लगेचच तपकिरी निघत असतील, तर रोग रोपांसोबत आलेला असण्याची शक्यता मोठी. मातृरोपं परदेशातून येतात, आणि महाबळेश्वरच्या धुवांधार पावसात रोपवाटिका टिकत नाही म्हणून रनर, म्हणजे मातृरोपाच्या धावत्या फांद्यांवर फुटणारी रोपं, बहुतांशी खालच्या बाजूला वाढवतात. वाटेत कुठल्याही टप्प्यावर संसर्ग होऊ शकतो. रोपं उपटून टाकण्याआधी फोटो काढा, पावती जपा आणि लेखी तक्रार कृषी अधिकाऱ्यांकडे द्या. रिकाम्या बेडवर येऊन कुणीही पंचनामा करू शकत नाही.

नांग्या भरताना

पाण्याने किंवा खोलीमुळे गेलेल्या रोपाच्या जागी त्याच भोकात नवं रोप चालतं. हुमणीच्या जागी आधी उकरून खात्री करा. क्राऊन सडलेल्या जागी मात्र या हंगामात परत लावू नका, ती जागा मोकळीच सोडून द्या. नांग्यांसाठी, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा भरायला, शंभरामागे पाच-सात रोपं सुरुवातीलाच जास्त आणून सावलीत पिशव्यांत वाढवली तर ती वयाने लागणीबरोबरची राहतात. नोव्हेंबरच्या मध्यानंतर आणलेलं कोवळं रोप त्याच बेडवर मागे राहतं आणि त्याचं पाणी-खत इतरांच्या वेळेशी जुळत नाही.